सत्त्याहत्तर ग्रेनचा हट्ट

“मॅडम, थोडी दाबून भरा ना,” हातिम म्हणाला. “कैरोमध्ये आम्ही एका टॅक्सीत नऊ माणसं बसवतो.”

“त्या माणसांना खालून काडी लावत नाहीत, हातिम.”

समोर कम्प्युटरची स्क्रीन लालभडक झाली होती. दारूच्या वजनाच्या रकान्यात मी सत्त्याहत्तर ग्रेन टाकले होते. कारण आमच्या जनरल मॅनेजरला, म्हणजे ह्या हातिमला, सत्त्याहत्तरच हवे होते. शहात्तर चालणार नव्हते. सॉफ्टवेअर सांगत होतं की एवढी दारू त्या काडतुसात मावतच नाही, एकशे अडतीस टक्के भरते. आणि समजा मावली तर पुढे काय होईल, तेही त्याने शेजारी लाल अक्षरात लिहिलं होतं.

“सॉफ्टवेअरला बदलायला सांगा,” हातिम म्हणाला.

“काय बदलायला?”

“मत.”

हातिम गंमत करत नव्हता. तो अतिशय गंभीर माणूस आहे, आणि तोच खरा प्रॉब्लेम आहे.

आता पहिल्यापासून सांगते. मी विद्या सामंत. पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, मग व्हीआरएस घेऊन नवऱ्यापाठोपाठ अमिरातीतल्या फुजैराला आले. तो इथल्या ऑइल टर्मिनलवर आहे. सकाळी समुद्रावर फिरायचं, दुपारी झोपायचं, असा माझा बेत होता. तीन महिन्यांत भिंती खायला उठल्या. तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शूटिंग क्लबची जाहिरात दिसली: रीलोडिंग रूम इनचार्ज पाहिजे. मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने मला न विचारता कॅशियरच्या पोस्टचा फॉर्म दिला. मी तो परत केला, माझे कागद तिच्यासमोर ठेवले, आणि नोकरी लागली.

रीलोडिंग म्हणजे काय? रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची नळी, तिला आम्ही केस म्हणतो. तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर. आत दारू. आणि तोंडाशी बसवलेली बुलेट, जी निशाणापर्यंत जाते. बार उडाला की केस तेवढी मागे राहते. ती साफ करून, नवा प्रायमर, नवी दारू, नवी बुलेट घालून पुन्हा वापरता येते. स्पर्धेत उतरणाऱ्यांना हे हवं असतं, कारण प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा, आणि तिला मानवेल अशी गोळी हाताने भरून मिळते. हा घरी करायचा उद्योग नाही. आमच्या खोलीला लायसन्स आहे, दार फक्त माझ्या कार्डाने उघडतं, आणि भरलेल्या प्रत्येक लॉटच्या कागदावर खाली माझी सही असते.

दारू आम्ही ग्रेनमध्ये मोजतो. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. ह्यावरून कळेल, चार-दोन ग्रेन इकडेतिकडे झाले तर डोळ्याला काही दिसत नाही. बंदुकीला बरोबर कळतं.

आणि ते सॉफ्टवेअर. त्याला सांगायचं, केस आतून किती मोठी आहे. त्यासाठी केसमध्ये पाणी भरून वजन करायचं. मग बुलेट केवढी, किती आत बसवली, नळी किती लांब, दारू कोणती. की ते हिशोब करून सांगतं, आत प्रेशर किती होईल आणि बुलेट किती वेगाने निघेल. पण हा अंदाज असतो. शिवाय ते थंड देशातलं सॉफ्टवेअर, त्याला वाटतं दारू कायम एकवीस डिग्रीत बसलेली असते. आमच्याकडे गाडीच्या डिकीत डबा अर्धा तास राहिला तर तो हातात धरवत नाही, आणि गरम दारू प्रेशर वाढवते. म्हणून मी तपमान स्वतः टाकते.

एवढं करूनही सुरुवात खालूनच करायची. दारू बनवणारी कंपनी एक पुस्तक देते, त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा असतो. पुस्तकातला खालचा आकडा घ्यायचा, सॉफ्टवेअरमधून त्याची खातरजमा करायची आणि तिथून निघायचं. ह्याला म्हणतात सेफ स्टार्टिंग लोड. पुस्तकातल्या खालच्या आकड्याच्याही खाली जायचं नाही, त्यातही धोका असतो. मग थोडी थोडी वाढवायची, आणि प्रत्येक वेळी उडालेली केस बघायची. प्रायमर चपटा झाला का, बोल्ट, म्हणजे रायफलीचं मागचं दार, अडकतोय का; दोन्ही जास्त प्रेशरची लक्षणं. आमटीत मीठ घालतो तसं. आधी कमी, मग चव, मग चिमूटभर. फरक इतकाच की इथे जास्त झालं तर बटाटा टाकून भागत नाही.

हे मी हातिमला पहिल्या दिवशी समजावलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, व्हीआयपी माणूस स्टार्ट करत नाही. व्हीआयपी माणूस पोचलेलाच असतो.”

आता हे सत्त्याहत्तर कुठून आलं?

आमच्या क्लबात एक जुने फाउंडर मेंबर आहेत, अबू सईद. म्हणजे सईदचे वडील, सगळे त्यांना ह्याच नावाने हाक मारतात. सत्तरी ओलांडलेली, पांढरा स्वच्छ कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ झगा, बोलणं अगदी कमी. तरुणपणी लाकडी जहाजांचा धंदा, मुंबईला सतत येणंजाणं, त्यामुळे हिंदी बोलतात. त्यांच्या गाडीचा नंबर ७७. इथे दोन आकडी नंबरचा रुबाब गाडीपेक्षा मोठा असतो. नंबर नऊ लाख दिरहमला घेतला असं ऐकलं. मी सवयीप्रमाणे मनात रुपये केले आणि दोन कोटींच्या पुढे गेल्यावर विचार सोडून दिला.

तर अबू सईदना नवी रायफल आली होती आणि शनिवारी क्लबची मॅच होती. त्याआधीच्या आठवड्यात डिनर झालं. तिथे हातिमच्या डोक्यात कल्पना आली की अबू सईदच्या गोळ्यांत दारूही सत्त्याहत्तर ग्रेनच असावी. नंबर तोच, माणूस तोच, गोळी तीच. त्याने जेवताना त्यांच्या डाव्या बाजूला बसून ही कल्पना मांडली.

“आणि त्यांनी मान हलवली!” हातिमने मला छातीवर हात ठेवून सांगितलं. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकदा नाही, दोनदा!”

झालं. दुसऱ्या दिवशी ‘प्रोजेक्ट ७७’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. तिसऱ्या दिवशी दुबईहून मखमली डबे आले, सोनेरी अक्षरात ७७ छापलेले. डबे सत्त्याहत्तर, आणि प्रत्येकात सत्त्याहत्तर खाचा. मी गुणाकार केला. पाच हजार नऊशे एकोणतीस गोळ्या. मॅच साठ गोळ्यांची होती.

“उरलेल्या?” मी विचारलं.

“सद्भावना,” हातिम म्हणाला.

आमचा रेंज ऑफिसर ग्लेन परेरा, वसईचा. निशाणांच्या मैदानावरची सगळी शिस्त त्याच्या हातात. आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की हातिमला वाटतं आम्ही त्याच्याबद्दल बोलतोय. बहुतेक वेळा ते खरं असतं.

“मॅडम, तुम्हाला एक माहितीये का?” ग्लेन त्या दिवशी म्हणाला. “त्या म्हाताऱ्याला एकच डोळा आहे.”

“काय सांगतोस?”

“डावा नुसता दाखवायला. जहाजावर दोर तुटून लागला होता म्हणे. माझ्याकडे मेडिकल फॉर्म आहे ना. बघून कळत नाही, पण काही दिसत नाही त्यातून. उजव्यावरच सगळा कारभार.”

 रायफल झाडताना उजवा डोळा कुठे असतो? बोल्टच्या मागे, वीतभर अंतरावर.  प्रेशर हाताबाहेर गेलं तर गरम गॅस आणि पितळेचे तुकडे मागे येतात, ते सरळ तोंडावर. म्हणजे हातिमची हौस चुकली तर एका माणसाचा उरलेला एकुलता एक डोळा जाणार होता. आणि त्या कागदावर सही माझी असणार होती.

म्हणून सत्त्याहत्तर ग्रेन मावत नाहीत हे बघून मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, चला, देवानेच केसचं पोट लहान ठेवलंय. विषय संपला, खलास.

कसला संपतोय!

दुसऱ्या दिवशी मी रेंजवरून परत आले तर हातिम बाहेरच्या ऑफिसात माझ्या कम्प्युटरसमोर बसलेला. चेहऱ्यावर बारावीचा निकाल लागल्यासारखा आनंद.

“मॅडम, मावलं!”

“काय मावलं?”

“सत्त्याहत्तर. आपण चुकीची दारू घेत होतो. इथे लिस्टमध्ये दोनशे प्रकार आहेत. मी एकेक लावून बघितला. हा बघा, हा बारीक आहे, बरोबर बसतो. आणि नशीब बघा, आपल्या स्टोअरमध्येसुद्धा आहे!”

मी वाकून बघितलं. त्याने पिस्तुलाची दारू निवडली होती. पिस्तुलाची दारू भर्रकन जळते. तिथे ती चिमूटभर लागते. ती रायफलच्या केसमध्ये गळ्यापर्यंत भरायची म्हणजे रायफल उरतच नाही, हातात फक्त लाकडी दस्ता राहतो, तोही हात राहिला तर.

“हातिम, पण लाल कसं नाही दाखवत?”

“ते मी बंद केलं.” त्याने अभिमानाने एका चौकोनावर बोट ठेवलं. वॉर्निंग्ज बंद करायची सोय होती तिथे, आणि त्याने तिथे टिक मारली होती. “व्हीआयपी फाइलमध्ये लाल रंग बरा दिसत नाही.”

“आणि प्रेशर? प्रेशरचा आकडा कुठे आहे?”

त्याने कागद पुढे केला. सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये घेऊन, क्लबच्या लेटरहेडवर छापलेला. प्रेशरच्या रकान्यात आकडा नव्हताच. नुसती जाळी होती, हॅश, हॅश, हॅश, हॅश. आकडा इतका मोठा झाला होता की रकान्यात बसत नव्हता. एक्सेल अशा वेळी हात वर करतं आणि जाळी दाखवतं.

“बघा,” हातिम म्हणाला. “आकडा नाही. म्हणजे प्रेशर नाही.”

मी खुर्चीत बसले. बावीस वर्षांत मी मूर्खपणाचे पुष्कळ नमुने पाहिले होते, पण लेटरहेडवर छापलेला हा पहिलाच. खाली रेघ होती आणि रेघेखाली टाइप केलेलं: विद्या सामंत.

“मी सही करणार नाही.”

“मॅडम, त्यांनी मान हलवलीय.”

“त्यांनी नाचून दाखवलं असतं तरी करणार नाही. ह्याने रायफल फुटेल. माणसाचा डोळा जाईल, कदाचित जीव. त्यांना स्टार्टिंग लोड द्या, मी आज भरते. साठ गोळ्या, उत्तम, सुरक्षित.”

“किती ग्रेन येईल?”

मी आकडा सांगितला. त्याने तोंड वाकडं केलं. “हा तर एखाद्या टॅक्सीचा नंबर वाटतो.”

मग त्याने आवाज खाली आणला. तुमचं काँट्रॅक्ट फेब्रुवारीत रिन्यू व्हायचं आहे, बोर्ड माझ्यावर खूश आहे, अबू सईद नाराज झाले तर बोर्ड माझ्यावर नाराज, वगैरे. आणि शेवटी म्हणाला, “तुम्ही नाही तर दुसऱ्या क्लबातून माणूस बोलावतो गुरुवारी. तुम्ही फक्त कार्डाने दार उघडून द्या. तो सही करेल.”

“तो ना?” ग्लेन मला नंतर म्हणाला. “तो जेवणाच्या मेनूवर पण सही करतो.”

खरं सांगते, मला भीती वाटली. नोकरीची कमी. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणून मला ताठ बोलता येत होतं. ग्लेनला तेही नव्हतं, दोन मुली आणि वसईत बांधायला काढलेलं घर. भीती त्या म्हाताऱ्याची वाटत होती. मी दार उघडलं नसतं तरी हातिमने कुठून तरी वाट काढली असती. असल्या माणसांची अक्कल चुकीच्या कामात फार चालते. मी बोर्डाला ईमेल टाकला. उत्तर आलं की सगळे प्रवासात आहेत आणि रविवारनंतर बघतील. मॅच शनिवारी!

संध्याकाळी घरी पानं वाढताना मी हे सगळं धाडधाड बोलून टाकलं. नवरा म्हणाला, “लेखी दे, कॉपी ठेव.” टर्मिनलवाल्यांना प्रत्येक रोगावर तेवढं एकच औषध माहीत. मी म्हटलं, लेखी देऊन डोळा परत येत नाही.

मुलगी बारावीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “बट आई, डिड एनीवन आस्क द ओल्ड मॅन?”

“अगं, त्यांनी मान हलवली ना.”

“दॅट्स नॉट आस्किंग.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आठ दिवस अख्खा क्लब एका माणसाच्या इच्छेमागे धावत होता, डबे आले, ग्रुप निघाला, आणि त्या माणसाशी ह्या विषयावर एक वाक्य कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि मी स्वतःला शहाणी समजत होते.

त्यातही एक अडचण होती. आमच्याकडे स्टाफने फाउंडर मेंबर्सशी सलाम आणि हवापाणी ह्यापलीकडे बोलायचं नाही, काय असेल ते जनरल मॅनेजरमार्फत. म्हणजे हातिममार्फत. मी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम.

अबू सईद रोज सकाळी क्लबच्या व्हरांड्यात करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, प्यायला येत. बुधवारी मी तिथे गेले. हातात एक रिकामी केस आणि कागदाच्या पुडीत सत्त्याहत्तर ग्रेन साखर, तराजूवर मोजून घेतलेली. साखर आणि दारू एका मापात बसत नाहीत, हे मला माहीत आहे. पण दारू घेऊन व्हरांड्यात जाता येत नाही, आणि मला कल्पना तेवढी द्यायची होती. ग्लेन खांबाजवळ उभा राहून उगाच झाडाकडे बघत होता.

“सलाम आलेकुम,” मी म्हटलं. “मैं रीलोडिंग रूम से. दो मिनट चाहिए.”

त्यांनी तोंड पूर्ण माझ्याकडे वळवलं. “बैठो, बेटी.”

मी बशीत केस उभी धरली आणि साखर ओतायला लागले. केस भरली, वरून सांडली, बशीत ढीग झाला, तरी पुडीत उरलीच. ते शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “चाय में डालना था?”

“नहीं. ये आपका सत्तहत्तर है.”

“मेरा?”

“आपकी गोली में दारू सत्तहत्तर ग्रेन डालने का ऑर्डर है. आपकी गाडी का नंबर है ना. इतना जाता नहीं. और दूसरी दारू से जबरदस्ती डाला तो रायफल फटेगी. आपकी आँख जाएगी. मैं सही नहीं करूँगी, लेकिन कोई और कर देगा. इसलिए आई हूँ.”

मी एका दमात बोलले. बोलण्याच्या भरात साखर त्यांच्या कंदुऱ्यावर सांडली होती.

“ऑर्डर किसने दिया?” त्यांनी विचारलं.

“आपने. डिनर में. मिस्टर हातिम ने पूछा, आपने सर हिलाया. दो बार.”

अबू सईदनी कपाळाला आठ्या घातल्या. “हातिम किधर बैठा था?”

“आपके लेफ्ट में.”

 आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट. पाच मिनिटं तो माणूस आवाज न करता हसत होता, उजव्या डोळ्यातून पाणी.

“बेटी, लेफ्ट में मेरे को दीवार भी नहीं दिखता. और म्यूझिक इतना जोर से. कोई बैठा था, मेरे को मालूम ही नहीं. राइट में वो आदमी चावल लेके खड़ा था. पूछा, और दूँ? मैंने हाँ बोला. फिर पूछा, गोश्त? मैंने हाँ बोला.”

खांबाजवळून ग्लेनचा खोकला ऐकू आला.

“और वो नंबर?” मी विचारलं.

“सईद ने लिया. मेरे को नंबर याद नहीं रहता. पार्किंग में मैं गाडी डेंट से पहचानता हूँ.”

आता मला हसावं की रडावं कळेना. सत्त्याहत्तर डबे, पाच हजार नऊशे एकोणतीस गोळ्या, आणि सगळं एका माणसाने भात मागितला म्हणून! मी सुटकेने खुर्चीत मागे टेकले. मग वाटलं, आलोच आहोत तर विचारून टाकू.

“तो आपको गोली कैसी चाहिए?”

ते चहाचा कप फिरवत राहिले. व्हरांड्यात दुसरं कोणी नाही हे मान वळवून बघितलं, आधी उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे.

“ये रायफल भी सईद ने दिया,” ते हळू म्हणाले. “बहुत मारता है. इधर.” त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. “पिछले महीने चलाया तो तीन दिन नमाज में हाथ ऊपर नहीं गया. मेरे को थोड़ा कम चाहिए. लेकिन कैसे बोलूँ? लोग बोलेगा, बुड्ढा हो गया.”

 इकडे आम्ही त्यांच्या नावाने तोफ भरायला निघालो होतो आणि त्या माणसाला हवी होती हलकी गोळी. मागायची लाज वाटत होती, म्हणून तो मुकाट्याने खांदा चोळत बसला होता.

“इसका बाकायदा नाम है,” मी म्हटलं. “स्टार्टिंग लोड. दुनिया में सब लोग यहीं से शुरू करते हैं. इसमें बुड्ढा-जवान कुछ नहीं. और कंधे को आराम रहेगा.”

“यल्ला, चलो,” ते म्हणाले. “वही बनाओ. हातिम को मैं बोलता हूँ.”

हातिमला बोलावणं आलं. तो धावत आला आणि सवयीप्रमाणे त्यांच्या डाव्या बाजूला बसला. अबू सईदनी त्याला उठवून उजवीकडे बसवलं आणि सगळं सांगितलं. हातिमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आठ दिवस हवा भरलेला फुगा हळूहळू बसावा तसा तो खाली खाली जात होता. मला त्या क्षणी त्याची कीवही आली. वाईट माणूस नाही तो. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं त्याला कोणीतरी शिकवलंय, आणि तो ते इमानाने पाळतो.

“सर,” तो शेवटी म्हणाला, “पण डबे…”

“उसमें खजूर भरो.” हे त्यांनी त्याला अरबीत सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून हिंदीत.

गुरुवारी बोलावलेल्या त्या सहीवाल्या माणसाचं येणं रद्द झालं. मी वॉर्निंग बंद करणाऱ्या चौकोनातली टिक काढली आणि कम्प्युटरला पासवर्ड घातला. मग रीतसर काम केलं. त्याच रायफलीत उडालेल्या केसेस घेऊन पाण्याने मापल्या, पुस्तकातला खालचा आकडा घेतला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तपमान वाढवून पुन्हा टाकला. स्क्रीन शेवटपर्यंत निवांत राहिली. पाच गोळ्या भरल्या. ग्लेनने रायफल स्टँडला घट्ट बांधून, आडोशाला उभं राहून लांब दोरीने ट्रिगर ओढला. पाचही केसेस मी भिंगाखाली बघितल्या. प्रायमर गोल, बोल्ट एका बोटाने उघडला. मग साठ गोळ्या भरल्या आणि सही केली. हातिमला ‘स्टार्टिंग’ हा शब्द अजूनही सहन होत नव्हता, म्हणून त्याने लेबल छापलं: ‘फाउंडर्स कम्फर्ट लोड’. मी म्हटलं, छाप बाबा. आतलं मी भरलंय ना, वर काय वाट्टेल ते लिही.

शनिवारी मॅच झाली. अबू सईद मॅटवर आडवे झाले तेव्हा मी त्यांच्या मागे दहा फुटांवर उभी होते. कागदावर सगळं बरोबर होतं, दोरीची टेस्ट बरोबर होती, तरी पहिल्या बाराला माझे डोळे मिटले. धाड. उघडून बघितलं तर ते आरामात बोल्ट ओढत होते. साठ बार झाले. शेवटच्या बारानंतर ते उठून बसले, चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी उजवा डोळा दाबून धरला.

 मी धावले. “क्या हुआ? दिखाइए! आँख दिखाइए!”

त्यांनी हात काढले. डोळा लाल, ओला आणि शाबूत. “मिट्टी,” ते म्हणाले. “हवा से आया.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम काय को रोता है?”

अकरा जणांत त्यांचा नववा नंबर आला. सईद थोडा नाराज दिसला. अबू सईद मात्र उजवा हात सरळ वर करून सगळ्यांना दाखवत फिरत होते, एकदा, दोनदा, तीनदा. लोकांना वाटलं, ते जिंकले असावेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं काँट्रॅक्ट फेब्रुवारीत रिन्यू झालं. ह्या सगळ्यातून मी एक नियम केला. ज्याच्या खांद्याला रायफल लागणार, त्याच्याशी आधी दहा मिनिटं बोलायचं, सॉफ्टवेअर मग उघडायचं. सॉफ्टवेअरला प्रेशर कळतं, पण कुणाचा खांदा दुखतोय हे विचारणारा रकाना त्यात नाही. हातिमला हे पूर्ण पटलंय, असं तो स्वतः म्हणतो.

मागच्याच आठवड्यात एक नवा मेंबर आला. हातिम माझ्या ऑफिसच्या दाराशी धापा टाकत उभा. “मॅडम, ह्यांना स्पीड पाहिजे, भरपूर स्पीड!”

“त्यांनी सांगितलं?”

“नाही. पण चेहऱ्यावरून मला कळतं.”

मी पँट्रीत फोन करून दोन चहा सांगितले, आणि मेंबरला आत बोलावलं.